दार लावून विचारायची गोष्ट

कुडाळचं माणूस काशीला जाऊन आलं की पेढे वाटतं आणि चार घरी बसून हकीगत सांगतं. मी आठवडाभर परळ-लालबागला जाऊन आले, तर लोक म्हणतात, "त्यात काय सांगायचं? तू तर तिथलीच." हे अर्धं खरं आहे. लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत गेले, गिरणीत वायंडिंग खात्यात धागे जोडले, संपात चूल थंडावली तेव्हा गावी परतले आणि मिरची कांडून, मसाला विकून उभी राहिले. आज माझा मसाला पणजीपर्यंत जातो आणि भाव मी ठरवते. पण या वेळी मी ज्या कामाला गेले त्या कामाला आमच्या बाजूचं दुसरं कुणी गेल्याचं ऐकिवात नाही, म्हणून लिहिते.

काम असं. माझी भाची वैदेही दादरला एका संस्थेत नोकरी करते. संस्थेने एक प्रश्नावली केली होती. आयुष्यात कधी कुणी जबरदस्ती केली का, नको तिथे हात घातला का, हे वेगवेगळ्या वस्त्यांतल्या, जातींतल्या, थरांतल्या बायकांना आणि पुरुषांनाही कसं विचारावं म्हणजे खरं उत्तर मिळेल, याची ती चाचणी होती. वैदेहीचा फोन आला.

"मावशी, दोन महिने फिरतोय. सगळे 'नाही' म्हणतात."

"बरं झालं. रामराज्य आलं म्हणायचं."

"मस्करी नको ना. परळच्या एका दवाखान्यात आमच्या बाईंनी खोली मिळवलीय. अशा माणसांनी येऊन बोलावं म्हणून. तिथे कुणी फिरकत नाही आणि पाहणीतही कुणी 'हो' म्हणत नाही. दवाखानेवाले म्हणतात, गरज नसेल तर महिनाअखेर खोली परत द्या. त्यांना तिथे जुनी कपाटं ठेवायचीत."

मी लगेच निघाले. समाजसेवेची मला हौस नाही. वायंडिंगला असताना आमच्यावर एक लाइन जॉबर, म्हणजे मुकादम, होता. त्याने काय केलं ते लिहीत नाही, ज्यांनी खात्यात काम केलंय त्यांना लिहायला नको. मी गप्प बसणारी नव्हते. युनियनच्या आमच्या भागातल्या पुढाऱ्याकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाला, "वैनी, संप तोंडावर आलाय. आता आपलीच माणसं उघडी पाडू नका. संप मिटला की बघू." तो संप मिटला असं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मॉल आले, जॉबर मेला, पुढारी मोठा होऊन मेला. माझी तक्रार मात्र अजून संप मिटायची वाट बघत बसली आहे.

दादर

संस्थेच्या मुख्य बाईंना सगळे डॉक्टर बाई म्हणतात. त्या इंजेक्शन देणाऱ्या नव्हेत, पुस्तक लिहिणाऱ्या. उंच, हसऱ्या आणि पुण्याच्या. त्यांनी मला प्रश्नावली वाचायला दिली. पहिलाच प्रश्न होता, 'आपणांस आपल्या जीवनकालात अवांछित लैंगिक स्वरूपाच्या वर्तनाचा अनुभव आला आहे काय?'

मी म्हटलं, "हे बाईला विचारताय की हायकोर्टाला?"

"भाषांतर समितीने केलंय," त्या म्हणाल्या.

"समितीत बायका होत्या?"

"होत्या. त्यांना समजलं होतं." आणि त्या स्वतःच हसल्या. बाई मला तिथेच आवडल्या, पण भाव करताना आवड दाखवायची नसते.

मी दोन मागण्या केल्या. एक, प्रश्न माणसाच्या भाषेत विचारायचे. ती लगेच मान्य झाली. दुसरी अशी की शेवटी माझा एक प्रश्न घालायचा: 'तुम्ही हे कुणाला सांगितलं होतं का, आणि ते माणूस काय म्हणालं?' बाई म्हणाल्या, प्रश्नावली मंजूर झालेली आहे, तिच्यात भर घालता येत नाही. मी पिशवी उचलली आणि निघाले. बाजारात पायरी उतरल्याशिवाय भाव उतरत नाही. मी जिन्यापर्यंत पोहोचले तोवर वैदेही मागून धावत आली. प्रश्न 'ऐच्छिक' म्हणून घातला होता.

दुपारी दादरच्या मासळीबाजारात एका कोळणीला विचारून बघितलं. बोंबील सुंदर होते. मी भाव अर्ध्यावर आणायला निघाले आणि तिने मला माझ्या गावाची वाट दाखवली. आमच्या सिंधुदुर्गात गिऱ्हाईक भाव पाडतं, इथे कोळीण गिऱ्हाईक पाडते. प्रश्न ऐकून तिने कोयता वर केला. "माझ्या अंगाला हात लावणाऱ्याचा हात ऱ्हाईल का?" शेजारच्या सगळ्या हसल्या. मग बोंबील पिशवीत टाकताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुनेला विचारू नको. बाजारात तर नकोच. पंचांपर्यंत गेलं तर तिलाच उभी करतील." वैदेहीने कागदावर लिहिलं, 'नाही.' दुसरं काय लिहिणार.

गिरगाव

गिरगावात आम्ही एका नव्या इमारतीत गेलो. जुनी चाळ पाडून ती उभी केलेली, पण माणसं तीच, फक्त आता ती एकमेकांना इंटरकॉमवरून बोलावतात. घरच्या माई निवृत्त शिक्षिका. त्यांनी थंडगार पियूष दिलं, जायफळ इतकं बेतशीर की मी विचारून घेतलं. आमच्याकडे पाहुणा आला की ताट भरतात, इथे पेला भरतात. पण तो पेला विसरण्यासारखा नव्हता.

प्रश्न ऐकून माई जराही रागावल्या नाहीत. "आमच्यात असलं काही नसतं हो. शिकलेली घरं. तुम्ही तिकडे गिरणगावात विचारा. तिथे दाटीवाटी फार."

"दाटीवाटीत मी राहिलेय," मी म्हटलं. "तिथे लाज फार जपतात. जपावीच लागते, कूस बदलली तरी शेजाऱ्याला धक्का लागतो."

वैदेहीने माझ्या पायावर पाय दिला. आतल्या खोलीत माईंची नणंद मटार सोलत बसली होती. लग्न न केलेली, केस पांढरे झालेली बाई. आमचे प्रश्न चालू होते तोवर मटाराच्या शेंगा फुटायचा आवाज बंद होता. आम्ही निघालो तेव्हा ती चपला घालून बरोबर आली. "लिफ्ट अडकते, मी येते खाली." जिन्याच्या वळणावर थांबली आणि म्हणाली, "प्रश्न चांगले आहेत. दिवाणखान्यात विचारू नका." आणि परत वर गेली.

नायगाव

डॉक्टर बाईंनाही बरोबर घेऊन बीडीडी चाळीत प्रज्ञा नावाच्या बाईंकडे गेलो. त्या बँकेत कॅशियर. घरात पुस्तकं भरपूर, जेवायला भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि वर आग्रह. आम्ही कागद काढले तसे त्यांनी ते आपल्या हातात घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, जसं बँकेत दुसऱ्याची सही तपासतात.

"आधी हे सांगा, अभ्यास करायचा म्हटला की दर वेळी आमचीच चाळ कशी सापडते?"

डॉक्टर बाई म्हणाल्या, "गिरगावातही गेलो होतो."

"तिथे काय म्हणाले?"

"गिरणगावात विचारा म्हणाले," मी सांगून टाकलं.

प्रज्ञाताई मोठ्याने हसल्या. "आणि लालबागवाले तुम्हाला आमच्याकडे पाठवतील." मग त्यांनी चष्मा काढला. "वरचे प्रश्न सोडा. हा शेवटचा कुणी घातला?"

मी बोट स्वतःकडे केलं.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ज्यांना सांगितलं ते आमच्यातले मोठे कार्यकर्ते. म्हणाले, ताई, विरोधकांच्या हातात कोलीत देऊ नका, समाजाची बदनामी होईल. मला पण ते पटलं. बरीच वर्षं पटलेलं राहिलं."

मला संपासाठी गप्प केलं, यांना समाजासाठी, गिरगावच्या त्या नणंदेला बहुतेक घराण्यासाठी. गप्प करणारे लोक एकमेकांशी कधी बोललेले नसतात आणि तरी वाक्य एकच बोलतात. ही एकी संपाच्या वेळी दिसली असती तर गिरण्या आजही चालू असत्या.

वैदेहीने परळच्या खोलीबद्दल सांगितलं. प्रज्ञाताई म्हणाल्या, "बघितलीय मी. जाऊन दारातून परत आले. तुमचा फलक वाचलाय का तुम्ही? आमच्या बँकेत लॉकरच्या खोलीवर आत काय ठेवलंय ते लिहीत नाहीत."

डॉक्टर बाईंचा चेहरा पडला. फलक त्यांनीच करवून घेतला होता.

लालबाग

लालबागला मी वैदेही आणि डॉक्टर बाईंना घेऊन माझ्या जुन्या चाळीत पाऊल ठेवलं आणि वरच्या गॅलरीतून हाक आली, "काय गो, कधी इलंस?" सुमनआक्का. संपाच्या आधीपासूनची माझी शेजारीण, आता मधुमेह झालेली, आवाज तोच. तिच्याबरोबर तिची सून उज्ज्वला. सून तांदूळ निवडत होती आणि सासू सून निवडत होती. आक्का उठली की सून उठायची, आक्का नळावर गेली की सून कळशी घेऊन मागे. चाळीत सगळे म्हणायचे, किती जपते सुनेला. मला त्या जपण्याचा वास नीट येईना.

प्रश्नावलीबरोबर एक नियम छापलेला होता. 'मुलाखत एकांतात घ्यावी. दार बंद करून घ्यावे.' नियम योग्यच आहे. मी आक्काला गॅलरीत जुन्या गप्पांत गुंतवलं, वैदेही उज्ज्वलाला घेऊन आत गेली आणि तिने कडी लावली.

माझी चूक झाली ती इथे. चाळीत दिवसा दार लावत नाहीत हे मला माहीत होतं. पण त्यामागचं कारण मी गावी गेल्यानंतर घडलं होतं. संपाच्या दुसऱ्या वर्षी तळमजल्यावरच्या एका साचेवाल्याने, म्हणजे मागावरच्या कामगाराने, भर दुपारी दार लावून घेतलं होतं. लोकांनी तासभर हाका मारल्या, आणि मग फार उशीर झाला होता. तेव्हापासून या चाळीत दिवसा दार लागलं की कुणी हाक मारत नाही, थेट खांदा लावतात.

कडीचा आवाज ऐकून आक्का बोलता बोलता थांबली. समोरच्या खोलीतून दोघे उठले, जिन्यावरून तिघे धावत आले. मी आडवी झाले, ओरडले, पण माझ्याकडे बघायला वेळ कुणाला होता. दार एका धक्क्यात आत गेलं आणि त्याच्यासोबत पाच माणसं आणि सुमनआक्का. कुणीतरी पाण्याचा तांब्याही आणला होता. आत वैदेही हातात पेन घेऊन बसलेली आणि उज्ज्वला भिंतीला टेकून उभी. सगळ्यांना बघून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मला कधी काय झालेलं नाही. लिहा 'नाही.'"

दार बसवून देईपर्यंत आम्ही गॅलरीत ओशाळून उभ्या होतो. खांदा लावणाऱ्यांपैकी एक म्हातारे गिरणी कामगार, सगळे त्यांना भाई म्हणतात, डॉक्टर बाईंच्या शेजारी येऊन टेकले. "ते पुरुषांचे पण कागद हायत म्हणे?"

"आहेत," बाई म्हणाल्या.

"कोणी भरले?"

"अजून नाही."

भाई कठड्यावर रेलले. "एका गाळ्यात वीस जण झोपायचो आम्ही. लग्न झालेला गडी होतो मी, मिशीवाला. सकाळी सगळे हसण्यावारी न्यायचे. मी पण हसायचो."

"कुणाला सांगितलं होतं?"

"हे काय, तुम्हाला आता," भाई म्हणाले आणि दाराचा कोयंडा धरायला निघून गेले. बाईंनी कागद काढलाही नव्हता. त्यांनी नंतरही तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मसाला गल्लीत डंकावर गेले. धंद्याच्या नजरेने, दुसरा हेतू नव्हता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लालबागला बायका वर्षाची मिरची भाजून स्वतः डंकावर घेऊन येतात आणि लोखंडी मुसळं वरखाली होत असतात तोवर आपल्या मिरचीजवळून हलत नाहीत, अदलाबदल होऊ नये म्हणून. कानाला दडे बसतात, नाकाला पदर, आणि डोळ्यांतून पाणी सगळ्यांच्याच. आमच्याकडे गिरणीत डबा ठेवून लोक घरी जातात. इतका अविश्वास मला मुंबईतच शिकायला मिळाला आणि पुढे फार उपयोगी पडला.

तिथे आक्का आणि उज्ज्वला आधीच होत्या. आक्का पुढे सरकून डंकवाल्याच्या हातावर नजर ठेवून उभी. उज्ज्वला मागे, माझ्या शेजारी. तिने तोंड माझ्या कानाशी आणलं.

"ती खोली खंय आसा?"

कडी लागल्यावर वैदेहीने तिला परळच्या खोलीबद्दल सांगितलेलं दिसलं. मी पत्ता सांगितला.

"दार आसा तिका?"

"आहे. आतून कडी आहे."

"सासू माका एकटीक सोडणा नाय. मंगळवारी तिची साखर तपासूक परळाक नेतंय." मग म्हणाली, "घरात कोणाक कळता नये."

आक्काने मागे वळून बघितलं. सून रडत होती, मी रडत होते, डंकवालाही रडत होता. आक्काने स्वतःचे डोळे पुसले आणि पुन्हा मिरचीकडे वळली.

परळ

मंगळवारी आम्ही दवाखाना उघडायच्या आधी पोहोचलो. मग मी तो फलक बघितला. दाराएवढा रुंद, पिवळ्यावर लाल अक्षरं: 'लैंगिक अत्याचारपीडित समुपदेशन कक्ष.' समोरच साखर तपासायची रांग लागते, पन्नास माणसं बाकावर याच दाराकडे तोंड करून. या दारातून आत जाण्यापेक्षा हुतात्मा चौकात उभं राहून सांगणं सोपं गेलं असतं.

मी डॉक्टर बाईंना बोलणार होते आणि चांगलं बोलणार होते. पण तोवर त्या नर्सच्या खोलीतून स्टूल घेऊन आल्या, पोलिओ डोसाचं मोठं पोस्टर आणलं, वर चढल्या आणि फलकावर ते चिकटवलं. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "सहा महिने मी हा कौतुकाने बघत होते."

रांग लागली. आक्का आणि उज्ज्वला आल्या. मी आक्काला माझ्या शेजारी बाकावर बसवून घेतलं, खोलीकडे पाठ येईल अशी. पोलिओच्या पोस्टरखालून सून कधी आत वैदेहीकडे गेली ते तिला कळलंही नाही. तेवढ्यात दवाखान्याचे एक कारकून टेप घेऊन आले. कपाटांसाठी खोली मोजायची होती. डॉक्टर बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आत पेशंट आहे," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या दारात पहिल्यांदाच बोललं जात होतं. कारकुनांचाही विश्वास बसेना. ते टेप गुंडाळत परत गेले.

आक्काने मान वळवली. "आमचा उज्ज्वला खंय गेला?"

"तुझा केसपेपर काढायला गेली असेल," मी म्हटलं. "बस गो."

ती उठायला लागली. मला काहीतरी द्यावंच लागणार होतं, आणि लहानसहान वस्तूने आक्का बसणारी नव्हती. माझ्या पिशवीत दुकानदारांना दाखवायचा मसाला होता. मी पुडी उघडून तिच्या नाकाखाली धरली. आक्का अर्धी उठलेली होती, ती तशीच थांबली.

"ह्यात काय काय घातलंस?"

हा मसाला माझं घर आहे. सख्ख्या जावेला मी त्यातला एकही जिन्नस सांगितलेला नाही, व्यापाऱ्यांनी किती डाव टाकले तरी. मी आक्काचा हात धरून तिला खाली बसवलं.

"बेडगी मिरची, आणि निम्मी संकेश्वरी."

"ता सगळ्यांका म्हायत आसा. फुडे?"

"धणे. ते तुपात नाही भाजायचे, खोबरेल तेलात. रात्रभर उघडे ठेवून."

आक्का पुढे सरकली. मी एकेक जिन्नस देत गेले, आणि प्रत्येकावर तिला घासाघीस करू दिली. बडीशेप किती, दगडफूल आधी की नंतर, नागकेशर भाजायचं की नाही. ती म्हणायची, खोटं सांगतेस, आणि मी शपथ घ्यायचे. आयुष्यभर मी सौदा आटपायची घाई केली. त्या दिवशी मी तो लांबवत होते. तिरफळ गेलं, जायपत्री गेली, हिंग गेला. शेवटी हळकुंड सांगून झालं आणि माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही.

दार बंदच होतं. आतून आवाज येत नव्हता. उज्ज्वलाने आत काय सांगितलं ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारणारही नाही.

आक्का गुडघ्यांवर हात ठेवून उठू लागली.

"जांभळाच्या बिया," मी म्हटलं.

"मसाल्यात?"

"वाळवून, पूड करून. चिमूटभर. साखरेला पण बऱ्या."

ती पुन्हा बसली. ओठांतल्या ओठांत घोकू लागली. मग मी तिला वडाची पारंबी सांगितली, सावलीत वाळवलेली. मग जुन्या चिंचेचं साल. ती मान डोलवत होती, बोटांवर धरून ठेवत होती. त्या वर्षी तिच्या घरची आमटी कशी होणार होती ते देवालाच ठाऊक.

पोस्टरखालचं दार अजून लागलेलंच होतं.

"आणि आक्का," मी तिच्या कानाशी वाकले, "मुख्य जिन्नस तर राहिलाच."